खरं, खोटं, पानावर नाही

परदेशात आल्यावर आम्ही आधी क्लेटन या उपनगरात राहायचो, त्या घरी इंटरनेटबरोबर एक फोन फुकट मिळाला होता. तो स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या वर पडलेला असायचा. त्याचा नंबर आम्ही कुणालाच दिलेला नव्हता, तरी दुपारी तो वाजायचा. उचलला की एक बाई चिनी भाषेत बोलायला लागायची. आवाज रेडिओवरच्या बाईसारखा गोड, कुठेही न अडखळणारा. माझा मुलगा अमोल म्हणायचा, टेप लावलेली असते आई, ठेवून दे. सून केतकी पहिला शब्द ऐकूनच फोन बंद करायची, आणि नात ईरा त्या बाईची नक्कल करून दाखवायची. मी मात्र शेवटपर्यंत ऐकायची. दुपारी घरात माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नसायचं, आणि ती बाई माझ्या उत्तराची वाट बघत नव्हती, याचं मला बरं वाटायचं. ती काय सांगते आहे हे आम्हा चौघांपैकी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो. ज्या एका मुलीला ते कळत होतं ती आमच्या मागच्या खोलीत राहत होती, आणि त्या आवाजानं तिला आमच्या घरातून उचलून नेलं.

माझी शाळा चौथीत सुटली. पाचवी पुढच्या गावात होती आणि धाकटा भाऊ सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ज्या वयात माणूस शहाणं होतं त्या वयात मी त्याला कडेवर घेऊन अंजिराच्या बागेत बसून राहिले. शाळेतलं मला फारसं आठवत नाही, पण धड्याखालचे प्रश्न आठवतात. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर ते सांगा. चूक की बरोबर मला सगळ्यांत आवडायचं, कारण त्यात बोलावं लागायचं नाही. गुरुजी एक वाक्य वाचायचे, बरोबर असेल तर आपण नुसता हात वर करायचा. त्यानंतर लग्न, संसार, अमोलचं शिक्षण यात सगळं आयुष्य गेलं. इंग्रजी अक्षरं मी अमोलच्या अंकलिपीवरून शिकले, तेही त्याला झोप लागल्यावर. माझं मोठं होणं खऱ्या अर्थानं क्लेटनला आल्यावर सुरू झालं असं मी म्हणते, आणि त्यात शिनूचा वाटा फार मोठा आहे.

तिचं पूर्ण नाव शिन्यू, पण माझ्या तोंडी ते शिनू झालं. ईरा मला आजी म्हणते हे ऐकून तीही म्हणायला लागली, पण तिला जी जमायचं नाही, ती 'आची' म्हणायची. लाँड्रीच्या, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीच्या पलीकडची खोली केतकीनं तिला भाड्यानं दिली होती. तिच्या गावी थंडीत नदी गोठते आणि माणसं तिच्यावरून सायकली चालवतात, असं ईरानं मला सांगितलं होतं. आईबापांची ती एकुलती एक. युनीत, म्हणजे विद्यापीठात, पुढं शिकायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण हवे होते, आणि एकदा तिची ती परीक्षा हुकली होती. पुन्हा हुकली असती तर परत जावं लागलं असतं. म्हणून तिनं आमच्या स्वयंपाकघरात शब्दांचं रान माजवलं. नळावर चिठ्ठी, फ्रिजवर चिठ्ठी, चाळणीवर, उलथन्यावर, दाराच्या कडीवर. पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात हे केतकीलाही सांगता येईना, तेव्हा शिनूनं त्याच्यावर तिच्या अक्षरात 'पोलपात' लिहून चिकटवलं. ती चिठ्ठी पोळ्या लाटताना माझ्या पिठानं पांढरी होऊन गेली होती.

जेवणं आमची वेगळी, पण ओटा एकच. तिचा भाताचा कुकर शिजला की टक् असा बारीक आवाज करायचा, आमच्या कुकरसारखं ओरडणं नाही. भातात मीठ नाही, वर टोमॅटो घातलेली अंडी. माझं पिठलं तिला आवडायचं, पण त्यावर ती कुठल्याशा बाटलीतलं लालभडक तेल ओतायची. गणपतीत तिनं मोदकांना अशा बारीक कळ्या पाडल्या की केतकी म्हणाली, आई, तुम्हाला हवी होती तशी सून मागच्या खोलीत राहते आहे. शिनूला ते ईराकडून कळलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला मोदक फुटला.

अभ्यासाला तिला समोर कुणीतरी लागायचं. एकटीनं वाचलं तर झोप येते म्हणायची. मग दुपारी मी समोर बसायची. ती एक उतारा मोठ्यानं वाचायची, आणि खाली दिलेली वाक्यं मी अक्षर अक्षर लावत वाचून दाखवायची. टेबलावर तीन जाड कागदाची कार्डं ठेवलेली असायची. एकावर 'ट्रू', एकावर 'फॉल्स' आणि एकावर 'नॉट गिव्हन'. माझं वाक्य झालं की तिनं त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. उत्तर बरोबर आलं का ते आम्ही पुस्तकाच्या मागे बघायचो आणि शेवटी मी 'व्हेरी गुड' म्हणायची, बरोबर आलेलं असो नसो. ट्रू म्हणजे बरोबर आणि फॉल्स म्हणजे चूक, एवढं मला शाळेतलंच होतं. तिसरं कार्ड काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. एकदा उताऱ्यात एक तळं आटल्याचं होतं. गावातली माणसं दुसरीकडं राहायला गेली, असं लिहिलं होतं. खाली वाक्य होतं की माणसांना दुःख झालं. मी ट्रूवर बोट ठेवलं. शिनूनं माझं बोट उचलून नॉट गिव्हनवर ठेवलं. मी ईराला मध्ये घालून भांडले, तळं आटलं, घरं सोडली, तर दुःख होणारच की. ईरानं तिचं म्हणणं मला सांगितलं ते असं, की आजी, डोक्यातलं लिहायचं नाही, फक्त पानावरचं. पानावर नसेल तर नॉट गिव्हन. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

ते दिवस चांगले होते, आणि ते संपले तो क्षण मी डोळ्यांनी पाहिला. भाकरीचं पीठ मळत होते, दोन्ही हात भरलेले, आणि मायक्रोवेव्हवरचा फोन वाजायला लागला. शिनू चहाला पाणी घ्यायला आली होती. मी मानेनं खूण केली आणि तिनं माझ्यासाठी फोन उचलला. पहिल्यांदा ती हसली, आपली भाषा ऐकून माणूस हसतं तशी. मग हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. तिनं एक बटण दाबलं. पलीकडं आता त्या गोड बाईऐवजी एक पुरुष बोलत होता, हे मला ओट्यापाशीही ऐकू आलं. तो ओरडत नव्हता. हळू, समजावल्यासारखं बोलत होता. शिनूनं हळूहळू आकडे सांगितले, बहुतेक स्वतःचा मोबाइल नंबर, आणि फोन जागेवर ठेवला. मी भुवया उंचावून काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, नथिंग, आची. पाण्याचा पेला तिथंच राहिला.

त्यानंतर घरातल्या चिठ्ठ्या निघायला लागल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या एकदम निघाल्या नाहीत. आज नळावरची, उद्या कडीवरची. भाताच्या कुकरची टक् ऐकू येईनाशी झाली. मागच्या खोलीचा पडदा दिवसा ओढलेला. ती बाहेर आली तर मोबाइल हातात, आणि तो उभा, आरशासारखा. न्हाणीघरातही बरोबर. एकदा ओट्यापाशी मला त्यात दिसलं, एक भिंत आणि गणवेशाचा एक खांदा. चेहरा नव्हता. खांदा हलत नव्हता, आणि तरी पलीकडं कुणीतरी बसून आमचं स्वयंपाकघर बघतं आहे हे मला कळलं. मी नकळत पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

मी रात्रीच्या जेवणात विषय काढला. मला असं बोलायला जमत नाही, दोन घास उगाच चावत बसले आणि मग म्हटलं. केतकी म्हणाली, बॉयफ्रेंड असेल आई, भांडण झालं असेल. ईरा म्हणाली, "शी'ज जस्ट स्ट्रेस्ड, आजी. एक्झाम आहे ना." अमोलनं मात्र मला नीट समजावलं. इथं भाडेकरूच्या दारावर विनाकारण टकटकसुद्धा करत नाहीत, तो तिचा हक्क आहे, तक्रार केली तर आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल. वर हसून म्हणाला, "आई, आपण रूम दिली आहे, मुलगी दत्तक नाही घेतली." त्याचं चूक नव्हतं. मीही गप्प बसले असते. पण दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला मागे गेले तर माझी दोरी नव्हती.

इथं अंगणात कपड्यांसाठी छत्रीसारखा लोखंडी खांब असतो. तो वाऱ्यानं फिरतो आणि मला त्याचा भरवसा वाटत नाही, म्हणून मी कुंपणापासून लाँड्रीच्या खिळ्यापर्यंत गावाकडून आणलेली सुती दोरी बांधली होती. गाठी नीट सोडून कुणीतरी ती काढून नेली होती. सुरी लावलेली नव्हती. घाईत नसलेल्या माणसानं सोडलेल्या गाठी होत्या त्या. मी रिकाम्या खिळ्याकडं बघत राहिले. कुंपणावर काळापांढरा मॅगपाय पक्षी बसला होता, तोही ओरडत नव्हता. घरात केतकी वरच्या खोलीत कानांना हेडफोन लावून कामात होती. बाकी कुणी नव्हतं.

मी मऊ भात केला, तूप-मीठ घातलं, वाटी घेतली. टेबलावरची तीन कार्डं आणि अभ्यासाचं पुस्तक काखेत मारलं. ती कार्डं का घेतली ते मला सांगता येणार नाही. दुसरं काही बोलायची माझ्याकडं भाषाच नव्हती. शिनूनं दार उघडलं तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते. पलंगावर भरलेली बॅग. मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केलेला. त्यातून त्यानं काहीतरी विचारलं, तीही हळू आवाजात काही बोलली. त्यात 'आची' एवढा एकच शब्द मला कळला. तो गप्प झाला, पण फोन चालूच होता. मी पलंगाच्या कडेला बसले, कार्डं मांडली आणि रोजच्यासारखं पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य पुस्तकातलंच वाचलं. तिनं बोट ठेवलं. दुसरंही वाचलं. मग मी पुस्तकाकडंच बघत, त्याच अडखळत्या सुरात म्हटलं,

"शिनू ईट राइस."

तिचं बोट थोडा वेळ हवेत राहिलं. मग ते फॉल्सवर टेकलं.

"रोप इज शिनू रूम."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले, पण आवाज येऊ दिला नाही. ट्रू.

"मॅन इज फ्रेंड."

फॉल्स.

"मॅन इज पोलीस."

इथं तिनं जराही वेळ लावला नाही. ट्रूवर बोट असं दाबलं की नखाचा रंग गेला. त्याच क्षणी मला कळलं की तिला कुणी फसवतं आहे असं तिला वाटतच नाही.

"शिनू बॅड गर्ल."

बोट तिन्ही कार्डांवरून फिरलं आणि नॉट गिव्हनवर थांबलं.

"शिनू गो टुडे."

ट्रू.

"शिनू कम बॅक."

बाहेर कचऱ्याची गाडी डबे उचलत आणि आदळत होती. मग तिनं नॉट गिव्हनवर बोट ठेवलं आणि ते तिथून उचललंच नाही. मी पुस्तक मिटलं. अभ्यास संपला की म्हणते तसं 'व्हेरी गुड' म्हटलं. वाटी तिच्याजवळ सरकवली आणि उठले.

केतकी मीटिंगमध्ये असताना तिचं दार मी कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या कानावरचं ते यंत्र हातानं काढलं. पडद्यावर चारपाच गोरी माणसं आमच्याकडं बघत होती. ती चिडलीच, "आई, काय चाललंय तुमचं?" मी म्हटलं, तिनं माझी दोरी नेली आहे, ती आज जाणार आहे, आणि परत येणार की नाही ते तिलाच माहीत नाही. दोरी म्हटल्यावर केतकीचा चेहरा बदलला. ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. खोलीचं दार उघडं होतं. टॅक्सी कोपऱ्यावर वळताना केतकीला दिसली, तिचा मागचा नंबर तेवढा तिनं टिपला. भाताची वाटी तशीच भरलेली. पलंगावर कार्डं होती, पण दोनच. नॉट गिव्हन नव्हतं.

पुढचं सगळं केतकीनं केलं, मी फक्त सांगत गेले. पोलिसांना फोन, टॅक्सीचा नंबर, दोरीचं. त्यांना हा प्रकार नवा नव्हता. पॉइंट कुकच्या बाजूला फ्रीवेला लागून एक मोटेल होतं, तिथं ती सापडली, पण दार उघडेना. तिला त्या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं की दारात खोटे पोलीस येतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. आत दोरी आहे हे कळल्यावर, ती जिवाचं काही बरंवाईट करील या भीतीनं खऱ्यांना दार तोडायचं धाडस होईना. तुमच्यापैकी कुणाचं ती ऐकेल का, असं त्यांनी केतकीला विचारलं. अमोल ऑफिसातून आला आणि आम्हाला घेऊन निघाला. समुद्राच्या बाजूचं आभाळ काळंनिळं झालं होतं आणि पुलावर वाऱ्यानं गाडी ढकलली जात होती. मी स्वेटरच्या खिशात दोन कार्डं धरून बसले होते.

मोटेलच्या दारापाशी एक पोलीस बाई भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत होती. तिनं मला जागा दिली. आतून त्या माणसाचा तोच आवाज येत होता, समजावणारा. केतकीनं हाका मारल्या. आतून काही नाही. मग मी खाली बसले, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि फॉल्सचं कार्ड दाराखालून आत सरकवलं. तो पोलीस नाही, एवढंच मला तिला सांगायचं होतं. मला तरी काय माहीत होतं? मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता, त्याचं एक वाक्य मला कळलं नव्हतं. पानावर काहीच नव्हतं, होतं ते माझ्या डोक्यातलंच.

बराच वेळ गेला. मग दाराखालून एक कार्ड बाहेर आलं. नॉट गिव्हन. तिचं बरोबर होतं. ती चांगली विद्यार्थिनी होती. फटीतून मला तिची बोटं दिसत होती, माझ्या दोरीचा वळ त्यांच्या वरच्या बाजूला मनगटावर उमटलेला. मी माझ्याकडं उरलेलं ट्रूचं कार्ड आत सरकवलं आणि दाराला तोंड लावून म्हटलं,

"लेक ड्राय. पीपल सॅड. आची सॅड. ट्रू."

साखळीचा आवाज झाला. दार एवढंसं उघडलं आणि पोलीस बाईनं आपला पाय त्यात घातला. शिनू माझ्या अंगावर पडली. ती फार तर किलोभरानं हलकी झाली असेल, पण मला ती ईराहून हलकी वाटली. तिच्या खांद्यावरून मला खोलीत मोबाइल दिसला, खुर्चीवर उभा केलेला, चालू. फोटो काढून झाले होते. त्याच्या सांगण्यावरून स्वतःचे हातपाय स्वतःच बांधून घेतलेल्या मुलीचे. तिला सांगितलं होतं की तुझ्या नावावर गुन्हा आहे आणि हा तपासाचा भाग आहे, आणि तिकडं आईबापांना सांगितलं होतं की तुमची मुलगी पळवली आहे, सोडवायची तर पैसे पाठवा. नदी गोठलेल्या त्या गावात दोन माणसं ते फोटो बघत बसली असतील, हे मला केतकीनं परतताना गाडीत समजावलं.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. पोलीस बाई मोबाइल उचलायला गेली. पडद्यावर तोच खांदा होता. इतका वेळ चिनी बोलणारा तो माणूस पहिल्यांदाच इंग्रजीत बोलला, अगदी शांतपणे, माझाच सूर काढून.

"व्हेरी गुड, आची."

आणि फोन बंद झाला.

म्हणजे त्या दुपारी आमचा सगळा अभ्यास त्याला कळत होता. भाताचं, दोरीचं, परत येण्याचं. कळूनही तो गप्प बसून ऐकत राहिला. का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. कदाचित म्हातारीच्या तोतऱ्या इंग्रजीचं कुणी काय ऐकणार असं त्याला वाटलं असेल. हे मी माझ्या डोक्यातलं लिहिते आहे.

शिनूची आई तिला न्यायला आली. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती पोळपाटावरची पिठानं पांढरी झालेली चिठ्ठी बघत राहिली. शिनूनं काढायची राहून गेलेली ती एकच होती. मग त्या बाईनं माझे दोन्ही हात धरून ते आपल्या कपाळाला लावले. शिनूनं पुढं तिकडंच शिक्षण पुरं केलं. गणपतीत ती मला मोदकांचे फोटो पाठवते, कळ्या अजून तशाच बारीक.

आम्ही आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला राहतो. ईरा युनीत जाते, आणि ती गोड बाई तिच्याही मोबाइलवर येते. ईरा न बघता कापते. मी आता माझा फोन अनोळखी नंबर असला तर उचलत नाही, पण कधी कधी चुकून उचलला जातो. बाईचा आवाज येत नाही, टेपही लागत नाही. पलीकडं कुणीतरी फोन धरून नुसतं बसलेलं असतं. मीही बोलत नाही. लाजऱ्या माणसाला गप्प बसायची सवय असते. तरी दर वेळी मी फोन लगेच ठेवून देते, कारण माझ्याकडून एखादा शब्द निघायची तिकडं कुणी वाट बघतं आहे असं मला वाटत राहतं. अभ्यास संपला की म्हणायचे ते दोन शब्द मी त्या दिवसानंतर कुणालाही म्हटलेले नाहीत, ईरालासुद्धा नाही.